भाषा मराठी, राज्य कर्नाटक : दहावीपर्यंतचं राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हाताबाहेर जाऊ न देण्यासाठी

ग्रामपंचायतीचा प्रमुख कोण? खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाला विचारा, तो बेधडक 'सरपंच' म्हणेल. घरी तेच बोलतात, टीव्हीवरच्या मराठी बातम्यांतही तोच शब्द येतो. पण कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात सरपंच नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष आहेत, आणि त्यांना निवडून आलेले सदस्य निवडतात. महाराष्ट्रात सरपंच थेट मतदारांतून निवडला जातो. म्हणजे चूक एका शब्दापुरती राहत नाही, निवडीची अख्खी पद्धत चुकते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मुलांचं समाज विज्ञान बहुतेक वेळा इथेच घसरतं. विषय तसा अवघड नाही. पण मराठीतून जे वाचायला-ऐकायला मिळतं ते बहुतांश महाराष्ट्राबद्दलचं असतं, आणि पेपर कर्नाटकाचा असतो. त्यात या विषयांचा अभ्यास 'शेवटी पाठ करू' म्हणून मागे टाकला जातो. पुढची पद्धत आठवी ते दहावी तिन्ही वर्षांना चालते. गुणांचे आकडे मात्र दहावीचे, एसएसएलसीचे आहेत.

आधी पुस्तकाची अनुक्रमणिका आणि मंडळाचा नमुना पेपर

समाज विज्ञानाच्या एकाच पुस्तकात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन असे सहा विभाग असतात. मुलं इतिहास-भूगोलाला विषय मानतात आणि उरलेल्या चारांना 'मागची पानं'. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात अनुक्रमणिका समोर घ्या, या चार विभागांचे धडे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे शाळेत तो कोणत्या महिन्यात होणार ते सरांना किंवा बाईंना विचारून टाका. हा कागद वहीच्या पहिल्या पानाला चिकटवायचा. धडा झाला की तारीख घालायची.

दुसरा कागद म्हणजे परीक्षा मंडळाचा चालू वर्षाचा नमुना पेपर. लेखी पेपर ८० गुणांचा, अंतर्गत २०. लेखी पेपरात आतापर्यंत ३८ प्रश्नांची मांडणी चालत आली आहे: बहुपर्यायी ८, एका वाक्यातले ८, दोन गुणांचे ८, तीन गुणांचे ९, चार गुणांचे ४ आणि ५ गुणांचा नकाशा. यंदाच्या नमुन्याशी ती ताडून घ्या. गंमत बघा, सगळ्यात जास्त गुण, २७, तीन गुणांच्या प्रश्नांत आहेत. राज्यशास्त्र-अर्थशास्त्राचे 'परिणाम सांगा', 'उपाय लिहा', 'महत्त्व स्पष्ट करा' हे प्रश्न याच साच्यात बसतात. निबंधासारखी पानभर उत्तरं पाठ करणाऱ्यांचा वेळ इथेच वाया जातो.

दोन रकान्यांची वही

दोनशे पानी एक वही फक्त याच कामाला ठेवा. पान उभं दुमडून दोन रकाने करा: डावीकडे 'इकडे', म्हणजे कर्नाटक, उजवीकडे 'तिकडे', म्हणजे महाराष्ट्र. डावा रकाना निळ्या शाईने, उजवा पेन्सिलने. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पेन्सिलीकडे बघायचंच नाही, म्हणून हा भेद.

पहिली दोन पानं अशी भरतील. विधानसभा: इकडे २२४, तिकडे २८८. विधान परिषद: ७५ आणि ७८. लोकसभेच्या जागा: २८ आणि ४८. राज्यसभेच्या: १२ आणि १९. तालुक्याला इकडे तालुका पंचायत, तिकडे पंचायत समिती. गावच्या कारभाराला इकडे पंचायत विकास अधिकारी, ज्यांना सगळे 'पीडीओ' म्हणतात, तिकडे ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत ग्रामसेवक). जमिनीचा कागद इकडे आरटीसी म्हणजे पहाणी, तिकडे सातबारा. उच्च न्यायालय इकडे बेंगळुरूला, धारवाड आणि कलबुर्गीला खंडपीठं, तिकडे मुंबईला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा निपाणी भागातही त्या बातम्या भरपूर वाचल्या गेल्या. पण निपाणीचा खटला उच्च न्यायालयात गेला तर तो धारवाडलाच जातो, कोल्हापूर कितीही जवळ असलं तरी.

विधान परिषदेची रचना इथे लिहून ठेवाच, कारण ती वारंवार विचारली जाते आणि वारंवार गडबडते. कर्नाटकाच्या ७५ पैकी २५ आमदारांनी निवडलेले, २५ स्थानिक संस्थांतून, ७ पदवीधरांतून, ७ शिक्षकांतून आणि ११ राज्यपालनियुक्त. बेरीज करून बघायची सवय लावा. ७५ येत नसेल तर एखादा आकडा तिकडचा घुसला आहे.

आपला खासदार कोण, हेही याच वहीत. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. त्यातले ८ बेळगाव लोकसभेत, ८ चिकोडी लोकसभेत, आणि खानापूर व कित्तूर हे दोन उत्तर कन्नड लोकसभेत. खानापूरच्या मुलाने 'आमचे खासदार बेळगावचे' असं प्रकल्पात लिहिलं तर ते चूक आहे. शहरातल्या मुलांनी महानगरपालिकेचे ५८ प्रभाग आणि आपला प्रभाग क्रमांक लिहावा.

कन्नडमधले फसवे शब्द

पंचायतीचा फलक कन्नडमध्ये, बँकेची स्लिप कन्नड-इंग्रजीत, पुस्तक मराठीत. म्हणून वहीच्या मागच्या बाजूने शब्दांची यादी सुरू करा, तीन भाषांत. धड्यामागे आठ-दहा शब्द पुरे. कर म्हणजे तेरिगे, टॅक्स. अर्थसंकल्प म्हणजे आयव्यय, बजेट. निवडणूक म्हणजे चुनावणे, इलेक्शन. व्याज म्हणजे बड्डी, इंटरेस्ट. दारिद्र्य म्हणजे बडतन, पॉव्हर्टी. बचत खातं म्हणजे उळिताय खाते, सेव्हिंग्ज.

खरा धोका ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. कन्नडमध्ये 'शासक' म्हणजे आमदार. मराठीत शासक म्हणजे राज्यकर्ता. कन्नड 'साल' म्हणजे कर्ज. आपल्याकडे साल म्हणजे वर्ष, नाहीतर फळाची. कन्नड 'अवकाश' म्हणजे संधी. कन्नड माध्यमाच्या मित्राच्या नोट्स उतरवून घेताना हे शब्द जसेच्या तसे येतात आणि वाक्याचा अर्थ फिरतो. अशा शब्दांभोवती लाल गोल करा.

आठवड्याचा हिशेब

या चार विभागांना मिळून आठवड्याला अडीच तास पुरतात, पण ते दर आठवड्याला मिळाले पाहिजेत.

१. धडा शाळेत सुरू होण्याआधी, २० मिनिटं: फक्त मथळे, चौकटी आणि शेवटचे प्रश्न वाचा. धडा अजून वाचू नका. कोणते प्रश्न येणार हे माहीत असलं की वर्गात कान तिकडे राहतो.

२. शिकवलं त्याच दिवशी, ३० मिनिटं: पेन्सिल घेऊन धडा वाचा. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच शब्द लिहा: कारण, परिणाम, उपाय, व्याख्या, वर्ष, आकडा. तीन गुणांच्या प्रश्नाला परिच्छेदातलं नेमकं काय उचलायचं ते या शब्दावरून कळतं.

३. दुसऱ्या दिवशी, ४० मिनिटं: पुस्तक मिटून दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने तपासा. ही पायरी सगळे गाळतात. वाचलेलं 'येतं' असं वाटतं. लिहायला घेतल्यावर चार मुद्द्यांपैकी दोन सापडतात.

४. शनिवारी, ३० मिनिटं: दोन रकान्यांची वही आणि शब्दयादी भरा.

५. रविवारी, ३० मिनिटं: आठवडाभरातल्या वर्तमानपत्रातल्या पाच बातम्यांपुढे पेन्सिलने 'क', 'म', 'गो' किंवा 'भा' लिहा: कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, भारत. बेळगावात येणाऱ्या मराठी दैनिकांत तिन्ही राज्यांच्या बातम्या एकाच पानावर असतात. हा निर्णय कोणत्या सरकारचा, हे ओळखणं म्हणजे निम्मं राज्यशास्त्र. 'भा' असेल तर विषय संघ सूचीतला, राज्य सूचीतला की समवर्ती, तेही लिहा. संरक्षण संघाचं, पोलीस राज्याचं, शिक्षण समवर्ती.

यूट्यूब आणि महाराष्ट्राची पुस्तकं वापरायची तर

वापरा, पण कोणता वर्ग ते बघून. 'दहावी राज्यशास्त्र मराठी' असं शोधलं की महाराष्ट्र मंडळाचे धडे येतात, आणि त्यात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आहेत. कर्नाटकाच्या दहावीत परराष्ट्र धोरण, इतर देशांशी संबंध आणि आंतरराष्ट्रीय संस्था आहेत. ते मराठीतून हवं असेल तर महाराष्ट्राच्या नववीच्या राज्यशास्त्रात शोधा. उलट संविधान, संसद, न्यायव्यवस्था, निवडणुका कर्नाटकात नववीला येतात. हा उलटा जोड माहीत नसल्याने मुलं तासन्‌तास भलताच व्हिडिओ बघतात. आणि स्थानिक शासनाचा, म्हणजे पंचायतीचा भाग तर महाराष्ट्राच्या व्हिडिओतून कधीच घेऊ नका.

जुन्या गाइडमधले शिळे आकडे

वरच्या वर्गातल्या ताईकडून आलेली गाइड फुकट असते आणि तेवढीच महाग पडते. तीन ठिकाणी ती हमखास चुकते.

कर्नाटक विधानसभेची संख्या जुन्या गाइडमध्ये २२५ दिसते, आणि लोकसभेची ५४५. त्यात अँग्लो-इंडियन नियुक्त सदस्य धरलेले होते. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ती नियुक्ती संपली; आता २२४ आणि ५४३.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा राहिलेला नाही. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. जुन्या गाइडमध्ये जिल्हा मंचाची मर्यादा २० लाख असते. आता त्याला जिल्हा आयोग म्हणतात आणि मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे जाते; ५० लाखांहून जास्त ते २ कोटी राज्य आयोगाकडे, त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे.

बँकांची नावं तिसरी. विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत.

आता अडचणीचा प्रश्न: पाठ्यपुस्तकातला आकडा जुना आणि प्रत्यक्षातला नवा असेल तर काय लिहायचं? पुस्तकाची चालू आवृत्ती बघा, मग सरांना विचारा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातातली उत्तरसूची पाठ्यपुस्तकावरून बनते, म्हणून पुस्तकातला आकडा लिहावा. जागा असेल तर पुढे कंसात 'सध्या अमुक' एवढंच घालावं. वाद घालायची जागा वर्ग आहे, उत्तरपत्रिका नव्हे.

अर्थशास्त्र: गावच्या बाजारातून

क्षेत्रांचा धडा पाठ करण्यात अर्थ नाही. निपाणीची तंबाखू घ्या. पान पिकवणं प्राथमिक, बिडी वळणं दुय्यम, अडत आणि वाहतूक तृतीयक. बिडी घरात बसून वळतात म्हणून मुलं तिला 'घरकाम' किंवा 'सेवा' लिहितात. जागा कोणतीही असो, कच्च्या मालाचा पक्का माल होतो म्हणून ती दुय्यमच. आणि घरी बिडी वळणारी बाई असंघटित कामगार, हा मुद्दा समाजशास्त्राच्या श्रमाच्या धड्यात पुन्हा कामी येतो. चिकोडी-अथणीकडच्या मुलांनी ऊस आणि साखर कारखाना घ्यावा, बेळगाव शहरातल्यांनी फाउंड्री. तक्ता स्वतःच्या गावाचा असला की विसरत नाही.

सार्वजनिक वित्त हा सगळ्यात जास्त गुण घालवणारा धडा, कारण तिन्ही तुटी सारख्याच वाटतात. एकदा आकडे घालून सोडवा. समजा, राज्याची महसुली जमा ५०० कोटी, महसुली खर्च ५८० कोटी. कर्ज सोडून भांडवली जमा ५० कोटी, भांडवली खर्च १२० कोटी. महसुली खर्चात व्याजाचे ६० कोटी आहेत.

महसुली तूट म्हणजे ५८० वजा ५००, ८० कोटी. राजकोषीय तुटीसाठी एकूण खर्च ७०० कोटी, त्यातून कर्ज सोडून सगळी जमा ५५० कोटी वजा करा: १५० कोटी. एवढंच कर्ज काढावं लागणार. प्राथमिक तूट म्हणजे राजकोषीय तुटीतून व्याज वजा: १५० वजा ६०, म्हणजे ९० कोटी. चूक होते ती दुसऱ्या पायरीवर; मुलं कर्जाचीही रक्कम जमेत धरतात आणि तूट शून्य येते. तूट शून्य आली की समजा, कर्ज मिळकतीत गेलं. घरात पतपेढीचं कर्ज आणलं म्हणून आपण पगार वाढला असं म्हणत नाही.

बँक व्यवहाराच्या धड्यासाठी बँकेतून पैसे भरायची आणि काढायची कोरी स्लिप आणा, दोन्ही भरून वहीत चिकटवा. मुदत ठेव म्हणजे एकदाच ठेवलेली रक्कम. आवर्ती ठेव म्हणजे दरमहा ठरावीक. चालू खातं व्यापाऱ्याचं, त्यावर सहसा व्याज नसतं. बेळगावात पतसंस्था भरपूर, म्हणून एक भेद मुलांनीही जाणून घ्यावा आणि घरीही सांगावा: बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. सहकाराचा मुद्दा आला की गदगजवळच्या कणगिनहाळचं नाव लिहायला विसरू नका. १९०५ मध्ये तिथे पहिली कृषी पतसंस्था निघाली, आणि ते आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे.

राज्यशास्त्राच्या दोन अवघड जागा

देशांशी संबंधांच्या धड्यात सगळे देश एकमेकांत मिसळतात. प्रत्येक देशाला चार ओळी: मैत्रीचा करार किंवा मदत, वाद किंवा युद्ध, व्यापार, आजचा मुद्दा. चीनपुढे १९५४ चं पंचशील आणि १९६२ चं युद्ध. रशियापुढे भिलाई-बोकारोचे पोलाद कारखाने, १९६६ चा ताश्कंद करार, १९७१ चा मैत्री करार. पाकिस्तानपुढे १९७२ चा सिमला करार. 'संबंध चांगले आहेत' या वाक्याला गुण नाही. वर्ष आणि कराराच्या नावाला आहे.

संयुक्त राष्ट्रांत १५ चा घोळ असतो. सुरक्षा परिषदेचे सदस्य १५ (५ कायम, १० दोन वर्षांसाठी) आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीशही १५ (नऊ वर्षांसाठी). पहिली न्यूयॉर्कला, दुसरं हेगला. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी लिहा.

नववीच्या न्यायव्यवस्थेत 'सर्वोच्च न्यायालयाचं मूळ अधिकारक्षेत्र' हा कोरडा मुद्दा आहे. दोन राज्यांतला किंवा केंद्र आणि राज्यातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, ते कलम १३१. महाराष्ट्राने सीमाप्रश्नी २००४ मध्ये दाखल केलेला दावा याच कलमाखालचा. उदाहरण एवढंच द्या आणि थांबा. कोण बरोबर, यावर उत्तरपत्रिकेत एक ओळही नको. प्रश्न कलमाचा आहे. त्याच ओघात कलम ३५०-क वाचून ठेवा, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दलचं.

उत्तर लिहिताना

तपासणीत बहुतेक वेळा प्रत्येक मुद्द्याला अर्धा गुण धरतात. म्हणजे दोन गुणांना चार मुद्दे, तीन गुणांना सहा. परिच्छेद लिहू नका. प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर, सात-आठ शब्दांत. ग्रामपंचायतीची कामं विचारली तर: पिण्याचं पाणी पुरवणे, पथदिवे लावणे व दुरुस्ती, गावातले रस्ते व गटारं, जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी वसुली, स्वच्छता. सहा ओळी, तीन गुण, सहा मिनिटं.

वेळ अशी वाटा: एक गुणाच्या सोळा प्रश्नांना २० मिनिटं, दोन गुणांच्यांना ३२, तीन गुणांच्यांना ५४, चार गुणांच्यांना ३६, नकाशाला १०. तीन तासांतली २८ मिनिटं हातात उरतात.

तीन धडे मागे पडले असतील तर

पहिल्यापासून सुरू करू नका. आज वर्गात चालू असलेला धडा आधी धरा, नाहीतर मागचे भरता भरता तोही जातो. मागच्या धड्यांना पंधरा दिवस, धड्याला पाच दिवस: पहिल्या दिवशी शेवटचे प्रश्न आणि एक वाचन, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन गुणांचे प्रश्न पुस्तक मिटून, चौथ्या दिवशी एक गुणाचे सगळे, पाचव्या दिवशी मित्राने विचारायचं आणि तुम्ही तोंडी सांगायचं. क्रम असा: आधी व्यवसाय अध्ययन, मग अर्थशास्त्र, मग राज्यशास्त्र. व्यवसाय अध्ययनाचे धडे छोटे आणि रोजच्या व्यवहारातले, तिथे हात लवकर बसतो.

अंतर्गत २० गुण वर्षभरातल्या चार एफएवर, म्हणजे आकारिक मूल्यमापनांवर (फॉर्मेटिव्ह असेसमेंट), अवलंबून असतात, आणि तिथलं काम प्रकल्पावर चालतं. प्रकल्पाला इंटरनेटवरचा मजकूर उतरवण्यापेक्षा ग्रामसभेला जाऊन बसा. वर्षातून किमान दोनदा ती व्हायला हवी. तारीख पंचायतीच्या फलकावर लागते. किती जण आले, किती बायका बोलल्या, कोणते तीन विषय निघाले, पीडीओंनी काय उत्तर दिलं, एवढं लिहून आणा. फलक कन्नडमध्ये असेल तर शब्दयादी सोबत ठेवा.